गोळी, निरोध, तांबी: किशोरवयीन मुलींना यांचा खरोखर किती उपयोग होतो ते मोजायचं कसं

मागे एका आढावा मीटिंगला बसले होते. स्लाइडवर एक ओळ आली, गर्भनिरोधक गोळ्या सुरू केलेल्या २०० मुली, वर्षभरात दिवस गेले १३ जणींना, म्हणजे यश ९३.५ टक्के. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढची स्लाइड लागली. मी मध्येच विचारलं की वर्षाच्या शेवटी यातल्या किती जणी गोळी घेत होत्या? कागद चाळून उत्तर आलं, ८७. मग ८७ आणि १३ झाल्या शंभर, बाकीच्या शंभर कुठे गेल्या? "त्यांनी मध्येच सोडली ना मॅडम, त्यांच्या प्रेग्नन्सी आपण धरल्या नाहीत." (आकडे हिशोब सोपा जावा म्हणून मी गोल केलेत, बोलणं असंच झालं.)

म्हणजे बघा, त्या शंभर मुली छेदात आहेत पण अंशात नाहीत. दुसऱ्याच महिन्यात मळमळ होते म्हणून पाकीट फळीवर ठेवून दिलेली मुलगी या हिशोबात वर्षभर यशस्वी ठरली. तेव्हापासून हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं मनात होतं, कारण थीसिस करणारे, संस्थांमध्ये डेटा बघणारे, तालुक्याला रिपोर्ट बनवणारे, सगळे इथेच अडकतात. प्रेग्नन्सी सगळेच मोजतात, महिने कोणी मोजत नाही. आणि किशोरवयीन मुलींच्या बाबतीत खरी गोष्ट त्या महिन्यांतच असते, कारण त्या साधन लवकर सोडतात, बदलतात, परत सुरू करतात.

पायरी १: नक्की कुठला आकडा हवाय ते ठरवा

साधन किती काम करतं याची दोन उत्तरं असतात. एक म्हणजे अगदी नियमाप्रमाणे वापरलं तर, आणि दुसरं म्हणजे माणसं जशी वापरतात तसं वापरलं तर. अमेरिकेत जे आकडे सगळीकडे छापतात त्यात गोळीचं पहिल्या वर्षाचं अपयश नियमाप्रमाणे वापरल्यास ०.३ टक्के आणि नेहमीच्या वापरात ७ टक्के आहे, पुरुषांच्या काँडमचं २ आणि १३, आणि तांबीचं म्हणजे कॉपर टी चं ०.६ आणि ०.८. आता या तीन जोड्यांकडे जरा थांबून बघा. गोळीत वीसपटीपेक्षा जास्त फरक आहे आणि तांबीत जवळपास नाहीच. तांबी एकदा बसवली की रोज काही आठवायचं नसतं, त्यामुळे तिथे वापरणाऱ्याच्या वागण्याचा भाग फार कमी राहतो. 'प्रत्यक्षातली परिणामकारकता' मोजायची म्हणजे हा मधला फरक मोजायचा.

आणि हा फरक वयाप्रमाणे बदलतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात २००७ पासून चॉइस नावाचा प्रोजेक्ट झाला, ९,२५६ बायका-मुलींना हवं ते साधन फुकट दिलं आणि पुढे त्यांचा फॉलो-अप घेतला. २०१२ साली जे निष्कर्ष आले त्यात गोळी, पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणि रिंग (योनीत ठेवायचं कडं) वापरणाऱ्यांमध्ये २१ वर्षांखालच्या मुलींना नको असताना दिवस जाण्याची शक्यता मोठ्या बायकांच्या जवळपास दुप्पट होती, पण तांबी आणि इम्प्लांटमध्ये (दंडात कातडीखाली बसवायची काडी) वयाने फरक पडला नाही. गोळी तीच, कंपनी तीच, तरी १७ वर्षांच्या मुलीचा आकडा ३० वर्षांच्या बाईपेक्षा वेगळा. म्हणून पाठ्यपुस्तकातला ७ टक्के उचलून किशोरवयीन मुलींच्या रिपोर्टमध्ये चिकटवायचा नाही.

एक लक्षात ठेवा, इमर्जन्सी गोळी या हिशोबात बसत नाही. ती एका वेळच्या संबंधानंतर घ्यायची असते, त्यामुळे तिचा 'वर्षाचा अपयश दर' काढायला गेलात तर काहीच्या काही उत्तर येईल. तिची नोंद वेगळी ठेवा.

पायरी २: कोणाला मोजणार, आणि कायदा काय म्हणतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत किशोरवय १० ते १९. प्रत्यक्षात मोजमाप १५ ते १९ चं होतं. आपल्याकडे २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे एनएफएचएस-५ मध्ये, १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी आई झालेल्या किंवा त्या वेळी गरोदर असलेल्या भारतात ६.८ टक्के निघाल्या आणि महाराष्ट्रात ७.६. महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या वर आहे हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. २० ते २४ वयाच्या बायकांपैकी १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के. त्यामुळे 'किशोरवयीन' म्हटल्यावर डोळ्यासमोर फक्त कॉलेजची मुलगी आणू नका, आपल्याकडे यात सासरी नांदणारी मुलगी मोठ्या संख्येने आहे आणि दोघींचं कॅलेंडर पूर्ण वेगळं असतं. दोघींना एका टेबलात कोंबायचं नाही.

आता कायदा. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे १८ खालच्या मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, तिची तयारी होती की नाही याने फरक पडत नाही, आणि कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने कळवणं बंधनकारक आहे. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने १८ खालच्या बायकोच्या बाबतीत नवऱ्याला असलेली सूटही काढली. २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की अल्पवयीन मुलीचा गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, पण तो दिलासा डॉक्टरला आहे, तुमच्या सर्व्हेला नाही. शिवाय आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमावलीप्रमाणे १८ खालच्या मुलीसाठी पालकांची संमती लागते आणि सोबत तिची स्वतःचीही. आणि या विषयात पालकांकडे संमती मागायला जाणं म्हणजेच कधीकधी मुलीचं गुपित फोडणं.

माझा सल्ला असा की १५-१७ च्या मुलींना थेट प्रश्न विचारण्याचा हट्ट धरू नका. १८ ते २४ वयाच्या मुलींना भेटा आणि मागच्या पाच वर्षांचं कॅलेंडर भरा, त्यातून १९ पर्यंतचे महिने वेगळे काढा. आठवणीत चुका होतात हे मान्य, पण मुलगी मोकळेपणाने बोलते. मात्र जुनी गोष्ट आहे म्हणून ती आपोआप कायद्याच्या बाहेर जात नाही, तेव्हा हे सगळं एथिक्स कमिटीपुढे आणि एखाद्या जाणकार वकिलापुढे फील्डला जायच्या आधी ठेवा, आणि नावं-गाव उत्तरांच्या फॉर्मवर अजिबात नको, फक्त कोड.

पायरी ३: महिन्यांचं कॅलेंडर भरा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या सर्व्हेंमध्ये एक उभा तक्ता असतो, प्रत्येक महिन्याला एक चौकोन, आणि त्या चौकोनात एकच खूण: कुठलं साधन, की काहीच नाही, की गरोदर, की बाळंतपण, की गर्भ पडला किंवा पाडला. शेजारच्या रकान्यात साधन का थांबलं त्याचं कारण. एनएफएचएस मध्ये पण हे आहे, आणि ते सर्वेक्षण आपल्या मुंबईतल्या देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था करते. हे कॅलेंडर कागदावर कंटाळवाणं दिसतं पण याच्याशिवाय महिने मिळतच नाहीत.

भरायचं कसं? "गेल्या वर्षी कुठल्या महिन्यात काय वापरलं" असं विचारलंत तर मुलगी जमिनीकडे बघेल आणि "आठवत नाही" म्हणेल. तारीख विचारूच नका, सण विचारा. आधी लग्न, बाळंतपण, पाळी चुकली ते महिने असे खुंटे ठोकून घ्या. मग मधलं भरा: पोळ्याला कुठे होतीस, गणपतीत नवरा गावी आला होता का, दिवाळीला माहेरी किती दिवस राहिलीस, संक्रांतीच्या वेळी गोळ्या चालू होत्या की बंद. खानदेशात असाल तर आखाजी, कारण तेव्हा मुली माहेरी येतात आणि ते कोणी विसरत नाही.

आता एका मुलीचं कॅलेंडर बघूया. ही एकच मुलगी नाही, आम्हाला भेटलेल्या दोन-तीन जणींचं मिळून एक केलंय. वय १९, लग्न मे महिन्यात. आशाताईंनी जूनमध्ये गोळ्यांचं पाकीट दिलं, तिने ते सुरू केलं. जुलैत आखाड लागला आणि रीतीप्रमाणे नवी सून महिनाभर माहेरी गेली, पाकीट सासरी कपाटातच राहिलं, आणि नवरा नसताना गोळी कशाला असं तिलाही वाटलं. श्रावणात परत आली तेव्हा अर्धं पाकीट तसंच होतं, कुठून सुरू करायचं कळेना, म्हणून नवऱ्याने मेडिकलमधून निरोध आणले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर निरोध, "पण दर वेळी नाही". नोव्हेंबरात पाळी आली नाही. या सगळ्या काळात आशाताईंच्या रजिस्टरला मात्र दर महिन्याला एक पाकीट गोळ्या अशी नोंद आहे, कारण पाकीट घरी पोचत होतं आणि सासूबाई घेऊन ठेवत होत्या.

रजिस्टरवरून मोजलंत तर गोळी फसली, सहाव्या महिन्यात. कॅलेंडरवरून मोजलंत तर गोळीचा एक महिना, मग एक महिना संबंधच नाही, मग निरोधचे तीन महिने आणि निरोध फसला, तोही अनियमित वापरात. एकच मुलगी, दोन उत्तरं, आणि त्यातलं पहिलं चूक आहे. यात आशाताईंचा दोष नाही, ते रजिस्टर पाकिटं मोजण्यासाठीच असतं.

या उदाहरणातला जुलै महिना तुमच्या हिशोबात कसा धरणार हे आधीच लिहून ठेवा. मी स्वतः दोन हिशोब करते, एक सगळे महिने धरून आणि एक नवरा-बायको एकत्र नसलेले महिने वगळून. मोठ्या बायकांमध्ये दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी येतात, कमी वयाच्या मुलींमध्ये नाहीत, कारण त्यांचे असे रिकामे महिने खूप असतात आणि ते महिने धरले की कुठलंही साधन आहे त्यापेक्षा चांगलं दिसायला लागतं. लग्न न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर हे आणखीच, दोन महिन्यांतून एकदा भेट होत असेल तर 'काँडम वापरणारी, १२ महिने' असं लिहिण्यात काय अर्थ आहे?

बारीकसारीक आणखी दोन-तीन गोष्टी. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा असर तीन महिने असतो, तेव्हा 'सोडलं' चा महिना शेवटच्या इंजेक्शनचा धरू नका, पुढचं इंजेक्शन ज्या महिन्यात घ्यायला हवं होतं तो धरा. बाळंतपणानंतर फक्त अंगावरचं दूध, पाळी आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर त्या महिन्यांत दिवस जायची शक्यताच फार कमी असते, त्या काळात तांबी बसवली असेल तर सगळं श्रेय तांबीला देऊ नका. आणि मुलाखतीच्या आधीचे शेवटचे तीन महिने हिशोबातून काढून टाका, कारण नुकतेच दिवस गेलेत हे मुलीला स्वतःलाच माहीत नसतं किंवा तिला सांगायचं नसतं.

पायरी ४: 'वापरते' या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा

मुली खोटं बोलतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपण ज्या घरात, ज्या माणसांसमोर विचारतो, त्यातून उत्तर घडतं. उंबऱ्यावर सासू भाकरीचं पीठ मळत बसलीय आणि आपण सुनेला विचारतोय की रोज गोळी घेतेस का, ती 'हो' च म्हणणार.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत १९९६ साली आलेल्या एका अभ्यासात गोळीच्या डबीतच इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलं होतं. डायरीत अर्ध्याहून जास्त जणींनी लिहिलं की महिन्यात एकही गोळी चुकली नाही, यंत्राच्या नोंदीत मात्र अशा फार तर तिसरा हिस्सा निघाल्या. काँडमच्या बाबतीत अटलांटामधल्या तरुण मुलींवरचा २००९ चा अभ्यास आहे, गेल्या १४ दिवसांत प्रत्येक वेळी काँडम वापरला असं सांगणाऱ्यांची तपासणी केली तर साधारण तिसऱ्या हिश्श्यात पुरुषाच्या वाय गुणसूत्राचा अंश सापडला.

आपल्याकडे अशी यंत्रं आणि लॅब परवडणार नाही, पण साध्या गोष्टी जमतात. "नियमित घेतेस का" ऐवजी "चालू पाकीट दाखवशील का" असं विचारा आणि रिकाम्या खळग्या मोजा, आजच्या तारखेला किती रिकाम्या असायला हव्यात ते आपल्याला माहीत असतं. "कधी चुकते का" ऐवजी "बऱ्याच जणींची एखादी गोळी राहून जाते, गेल्या आठवड्यात तुझ्या किती राहिल्या" असं विचारलं की उत्तर बदलतं. निरोधचं "नेहमी-कधीकधी-कधीच नाही" विचारू नका, शेवटच्या वेळचं विचारा. छाया या गर्भनिरोधक गोळीचं तर मुद्दाम विचारा, ती रोजची नसते, कारण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा असा तिचा नियम आहे, आणि बऱ्याच मुलींनी तो नीट ऐकलेलाच नसतो, काही जणी रोज घेतात, काही जणी संबंध आला की घेतात. ते साधनाचं अपयश धरायचं की समजावून सांगण्यातलं, हा प्रश्न तुमच्या रिपोर्टमध्ये आला पाहिजे.

पायरी ५: प्रेग्नन्सी सगळ्या पकडल्या का?

इथे सगळ्यात जास्त गळती आहे. बाळंतपण लपत नाही, गर्भपात लपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणातसुद्धा झालेल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून कमी सांगितले जातात, म्हणून तिथे दवाखान्यांकडून वेगळी आकडेवारी घेऊन दर दुरुस्त करतात. आपल्याकडे तो मार्गही अर्धवटच चालतो. २०१५ साठीचा अंदाज आहे की भारतात वर्षाला १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले ७३ टक्के दवाखान्याच्या बाहेर, गर्भपाताच्या गोळ्या घेऊन. त्यामुळे दवाखान्याच्या रजिस्टरमधून यातलं फार थोडं दिसतं.

आणि जे रजिस्टरमध्ये दिसतं तेही जपून वाचा. १९७१ च्या गर्भपात कायद्यात 'साधन निकामी ठरलं' हे एक मान्य कारण आहे, २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत ते फक्त विवाहितेला लागू होतं, आता कुठल्याही स्त्रीला आणि तिच्या जोडीदाराला लागू आहे. म्हणजे फॉर्मवर ते कारण लिहिलेलं असलं तर तो कायद्याच्या चौकटीत बसवलेला शब्द आहे, त्या मुलीने खरंच काही साधन वापरलं होतं की नाही हे त्यावरून कळत नाही. मी एका विद्यार्थ्याचा अख्खा थीसिस याच नोंदींवर उभा केलेला बघितलाय, महिनोन्महिने मेहनत केली होती त्याने, फार वाईट वाटलं. ते रजिस्टर बघायचा मोह टाळा.

प्रश्नाची भाषा इथे फार महत्त्वाची. 'गर्भपात' हा शब्द ऐकला की मुलगी बंद होते. "पाळी लांबली म्हणून मेडिकलमधून काही गोळ्या आणल्या होत्या का, पाळी यायची म्हणून" असं विचारलं की सांगतात. पाळी लांबलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल हे विचारा. आणि हा भाग टॅबवर हेडफोन लावून मुलीला स्वतः ऐकून बटण दाबू द्या, शेजारी बसलेल्याला प्रश्नही कळत नाही आणि उत्तरही.

जगातल्या ४३ विकसनशील देशांच्या सर्वेक्षणांवरून काढलेल्या आकड्यांत काँडमचं वर्षाचं अपयश, देश क्रमाने लावले तर मधोमध येणाऱ्या देशात, ५.४ टक्के येतं आणि अमेरिकेत १३. हे वाचून कोणी म्हणेल की बघा, आपल्यासारखे देश काँडम जास्त नीट वापरतात. मला यात न सांगितलेल्या गर्भपातांचा मोठा हात दिसतो, कारण अमेरिकेच्या आकड्यात त्यांची दुरुस्ती केलेली असते.

पायरी ६: हिशोब

आता आपल्या त्या २०० मुलींकडे परत या. मी तीन-तीन महिन्यांचे गट केलेत, एक्सेलमध्ये चार ओळी पुरतात.

पहिली तिमाही: सुरुवातीला २००, दिवस गेले ६, सोडलं ४०
दुसरी: सुरुवातीला १५४, दिवस गेले ४, सोडलं ३०
तिसरी: सुरुवातीला १२०, दिवस गेले २, सोडलं २०
चौथी: सुरुवातीला ९८, दिवस गेले १, सोडलं १०

जुनी पद्धत म्हणजे पर्ल इंडेक्स, रेमंड पर्ल यांनी १९३० च्या दशकात काढलेली. प्रेग्नन्सीला १२०० ने गुणा आणि वापराच्या एकूण महिन्यांनी भागा. मध्येच सोडणारी सरासरी अर्धी तिमाही होती असं धरलं तर इथे महिने भरतात साधारण १५४६, आणि उत्तर येतं १०.१, म्हणजे १०० स्त्री-वर्षांमागे दहा. स्लाइडवर ६.५ होतं हे विसरू नका.

पण पर्लची एक मोठी अडचण आहे. समजा हेच काम आणखी एक वर्ष चालवलं, ८७ जणींपैकी २ जणींना दिवस गेले आणि २० जणींनी सोडलं. आता १५ प्रेग्नन्सी आणि २४५८ महिने, पर्ल उतरला ७.३ वर. ना गोळी बदलली ना मुली बदलल्या, फक्त अभ्यास लांबला. कारण ज्यांना गोळी जमत नव्हती त्या पहिल्या काही महिन्यांतच बाहेर पडल्या आणि मागे उरल्या त्या नेटाने घेणाऱ्या. म्हणून सहा महिन्यांच्या अभ्यासाचा पर्ल तीन वर्षांच्या अभ्यासाच्या पर्लशेजारी ठेवायचा नाही, कंपन्यांची माहितीपत्रकं वाचताना पण हे बघा.

यावर उपाय लाइफ टेबल. प्रत्येक तिमाहीत, सोडणाऱ्यांपैकी निम्म्या वजा करून, उरलेल्यांतून किती जणींना दिवस गेले ते काढायचं. पहिल्या तिमाहीत ६ भागिले १८० म्हणजे ३.३ टक्के, मग ४ भागिले १३९ म्हणजे २.९, मग २ भागिले ११० म्हणजे १.८, आणि १ भागिले ९३ म्हणजे १.१. वाचलेल्यांचे हिस्से एकमेकांना गुणा, ०.९६७ गुणिले ०.९७१ गुणिले ०.९८२ गुणिले ०.९८९, येतं साधारण ०.९१२. म्हणजे १२ महिन्यांचं अपयश ८.८ टक्के. महिन्याचा डेटा नीट असेल तर हेच काम कापलान-मायर पद्धतीने आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळींत होतं, पण एकदा तरी हाताने करून बघा, पुढे आलेख वाचताना कुठे काय घडतंय ते समजतं.

आणि या आकड्यांपेक्षा मला त्या उतरत्या ओळी जास्त बोलक्या वाटतात. ३.३, २.९, १.८, १.१. पहिल्या तीन महिन्यांतच धोका सगळ्यात जास्त. आशाताईंची पुन्हा भेट कधी व्हायला हवी याचं उत्तर इथेच आहे.

पायरी ७: सोडून गेलेल्यांच्या मागे जा

लाइफ टेबल असं गृहीत धरतं की ज्या बाहेर पडल्या त्या उरलेल्यांसारख्याच होत्या. आपल्याकडे हे गृहीतक दोन ठिकाणी सरळ मोडतं.

एक म्हणजे माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, सातवा लागला की मुलगी जाते. तुमची टीम सासरी फॉलो-अपला गेली, घर बंद किंवा "ती गावी गेलीय", फॉर्मवर 'संपर्क झाला नाही'. म्हणजे जिचं साधन फसलं तीच नेमकी तुमच्या डेटातून गायब झाली. म्हणून नोंदणीच्या वेळीच मुलीच्या परवानगीने माहेरचं गाव लिहून घ्या आणि घरी कोणी भेटलं नाही तर आरोग्याच्या साध्या चौकशीच्या नावाने तिथल्या आशाताईंकडून ती कशी आहे एवढंच कळवून घ्या, अभ्यास कशाचा आहे हे न सांगता.

दुसरं म्हणजे ऊसतोड. बीड आणि आसपासच्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. कोयता लागतो म्हणूनही लवकर लग्नं लावली जातात. या पाच-सहा महिन्यांत ना गावची आशाताई, ना पाकीट, ना तुमचा फॉलो-अप. अशा ठिकाणी फॉलो-अपच्या तारखा जानेवारीत ठेवणं म्हणजे निम्मं सँपल हरवणं. जाण्याआधी एक भेट आणि आल्यावर एक भेट ठेवा आणि मधलं कॅलेंडर तेव्हा भरा.

सोडण्याचं कारणही एका शब्दात उरकू नका. मूल हवं म्हणून सोडलं ते वेगळं, तिथे तिचे महिने थांबवायचे आणि पुढे मोजायचं नाही. पण स्पॉटिंग झालं (मध्येच थोडं रक्त गेलं) म्हणून, पाळीच बंद झाली आणि भीती वाटली म्हणून, पाकीट संपलं म्हणून, सासूने फेकून दिलं म्हणून सोडलं असेल तर तिची गरज संपलेली नाही. अशा मुलींना वर्ष पूर्ण होईपर्यंत सोडू नका. समजा त्या १०० जणींपैकी १२ जणींना त्याच वर्षात नको असताना दिवस गेले. तर गोळी सुरू केलेल्या २०० पैकी २५, म्हणजे १२.५ टक्के. आता तीन उत्तरं झाली: स्लाइडवरचं ६.५, लाइफ टेबलचं ८.८, आणि 'गोळी सुरू केली त्या मुलींचं वर्षात काय झालं' याचं १२.५. तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि कार्यक्रम चालवणाऱ्याला बहुतेक वेळा तिसऱ्याची गरज असते.

पायरी ८: साधनांची तुलना

तांबी घेणारी मुलगी आणि निरोधवर अवलंबून असलेली मुलगी सारखी नसते. आपल्याकडे तांबी बहुतेक वेळा एक बाळंतपण झाल्यावर बसते, तिथल्या तिथे. मग 'तांबी निरोधपेक्षा इतक्या पट चांगली' यातलं किती साधनाचं आणि किती त्या मुलीच्या परिस्थितीचं? निदान वय, मूल आहे की नाही, शिक्षण आणि नवरा सोबत राहतो की नाही एवढ्या गोष्टींप्रमाणे गट पाडून बघा.

चॉइस प्रोजेक्टमधूनच एक उदाहरण देते. त्यातल्या १५-१९ वयाच्या १,४०४ मुलींपैकी ७२ टक्के मुलींनी तांबी किंवा इम्प्लांटसारखं लांब मुदतीचं साधन निवडलं, आणि त्या सगळ्या १,४०४ जणींमध्ये वर्षाला हजारी ३४ प्रेग्नन्सी झाल्या, तेव्हा अमेरिकेत संबंध आलेल्या त्या वयाच्या मुलींमध्ये हजारी १५८.५ होत्या. फरक प्रचंड आहे आणि मला तो खराही वाटतो, पण ३४ हा आकडा साधनाचा नाही. साधन फुकट होतं, नीट वेळ देऊन समजावलं होतं, बदलून मिळत होतं, आणि मुली स्वतःहून आल्या होत्या. तो त्या सगळ्या सेवेचा आकडा आहे. तुमच्या तालुक्यात नुसती तांबी नेऊन तो येणार नाही.

पायरी ९: लहान सँपल आणि रिपोर्ट

"५० मुलींना तांबी बसवली, एकीलाही दिवस गेले नाहीत, १०० टक्के यश." हे वाक्य मी दरवर्षी कुठे ना कुठे वाचते. शून्य आलं तर सोपा नियम आहे, ३ ला सँपलने भागा. ३ भागिले ५०, म्हणजे खरा दर ६ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. ८ टक्क्यांच्या आसपासचा दर तीन टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने हवा असेल तर वर्षभर टिकणाऱ्या तीनशेच्या वर मुली लागतात, आणि निम्म्या सोडणार हे धरलं तर सुरुवात सहाशेने करावी लागेल. तेवढी ताकद नसेल तर अपयशाचा दर काढूच नका, सोडण्याचा दर काढा, तो मोठा असतो म्हणून कमी सँपलमध्येही नीट येतो आणि कामाचा असतो.

रिपोर्टमध्ये आकडा एकटा लिहू नका. आमच्या २०० मुलींचं वाक्य मी असं लिहीन: "गोळी सुरू केलेल्या १८-१९ वयाच्या २०० विवाहित मुलींमध्ये १२ महिन्यांचं अपयश लाइफ टेबलने ८.८ टक्के, वापराचे एकूण महिने १५४६, १०० जणींनी वर्षाच्या आत गोळी सोडली, सोडणाऱ्यांपैकी १२ जणींना त्याच वर्षात नको असताना दिवस गेले, गर्भपाताची माहिती टॅबवर मुलींनी स्वतः भरली, नवरा गावी नसलेले महिने धरलेले आहेत." वाक्य लांबलचक झालं तरी चालेल, स्लाइडवर मावलं नाही तर स्लाइड दोन करा.